घरी गोळी न वापरता पिस्तुलाचा सराव कसा करावा? सल्ला हवाय

दहाव्या_रिंगचा_शोध:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं १० मीटर एअर पिस्तूल करतोय, आणि आता २५ मीटरसाठी पॉइंट टू टूचं (.२२ इंच व्यासाच्या काडतुसाचं) पिस्तूलही हातात आलंय. रेंजवर जाणं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि मधे चार दिवस गेले की हात परत पहिल्यासारखा होतो, सुरुवातीचे १५-२० शॉट नुसते हात बसवण्यातच जातात. म्हणून घरी रोज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करायची ठरवलंय. लेझर काडतूस (ट्रिगर दाबला की भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पाडणारं) घेऊ, की पिस्तुलाला लावायचा तो सेन्सर घेऊ जो फोनवर हालचाल दाखवतो? रोज किती वेळ करावं? आणि रिकामा ट्रिगर दाबून पिस्तूल खराब होतं असं एकाने सांगितलं, ते खरं का? घरात लहान भाऊ आहे त्यामुळे सेफ्टीचंही सांगा प्लीज.

जुना_खेळाडू:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं नंतर.

गोळ्या, पेलेट (एअर पिस्तुलाचे छर्रे) जे काही आहे ते सरावाच्या खोलीत नकोच. दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून धरायची, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्याने बघायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचं, कारण डोळा सवयीने "रिकामं" बघतो पण बोट खोटं बोलत नाही. नेम धरायची भिंत अशी निवड की पलीकडे कोणी झोपत-बसत नाही. भाऊ खोलीत येणार असेल तर दाराला कडी. आणि आपापल्याकडचे परवान्याचे, शस्त्र ठेवायचे नियम पाळूनच हे सगळं.

आता माझी चूक सांगतो. सराव संपला होता, एअर पिस्तूल बाजूला ठेवलं, दुसऱ्या दिवशीच्या मॅचसाठी पेलेट घालून सेटिंग बघत बसलो, फोन आला, परत आलो आणि मनात आलं की एक शेवटचा ट्रिगर बघू. कपाटाच्या दारात साडेचार मिलिमीटरचं भोक पडलं ते अजून आहे, मी बुजवलं नाही. दारापाशी त्या क्षणी कोणी नव्हतं एवढंच नशीब. तेव्हापासून सराव संपला की मोठ्याने "संपलं" म्हणतो, पिस्तूल लगेच पेटीत आणि पेटीला कुलूप. त्यानंतर "एक शेवटचा" अजिबात नाही. ही वेळ सगळ्यात धोक्याची असते रे, सरावाचा मूड डोक्यात तसाच राहतो आणि पिस्तुलाची अवस्था बदललेली असते.

माशीवर_नजर:
वरचं सगळं पाळ. आता सरावाचं. काहीही विकत घेऊ नकोस आत्ता. कोरी पांढरी भिंत घे, टार्गेटसुद्धा लावू नकोस.

कारण सांगते. टार्गेट दिसलं की डोळा काळ्या गोलाकडे पळतो आणि माशी, म्हणजे फ्रंट साइट, धूसर होते. एअर पिस्तुलाच्या दोन साइट्समधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धर. माशी मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर शॉट ३१ मिलिमीटर सरकतो. एकेक रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चार रिंगा गेल्या! उलट माशी खाचेत बरोबर बसलीय आणि अख्खा हातच थोडा तरंगतोय तर नुकसान फार कमी. म्हणजे हात थरथरतो याचं टेन्शन घ्यायचं नाही, माशीच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या आहेत का एवढंच बघायचं.

तर भिंतीसमोर उभी राहते, हात वर, श्वास अर्धा सोडून थांबवलेला, माशी कडक स्पष्ट, आणि ट्रिगर हळूहळू सरळ मागे. टक वाजतो त्या क्षणी माशी कुठे गेली ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. खाली डावीकडे डुबकी मारली? उजव्या हाताने मारणाऱ्यांचं हे नेहमीचं, मनगट किंवा बाकीची बोटं आवळली गेली. दिसलंच नाही? मग डोळा मिटला किंवा लक्ष टार्गेटवर गेलं, तो शॉट धरायचाच नाही. टक झाल्यावर लगेच हात पाडू नकोस, एक-दोन सेकंद तसंच बघत राहा. आणि आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घे, ओढून-ताणून सोडू नकोस, हे हात खाली घेणंसुद्धा सरावच आहे.

रोज १५-२० मिनिटं, बास. रविवारी दोन तास करून उपयोग नाही, दमलेला हात चुकीचंच पाठ करतो. दोनेक आठवड्यांनी टार्गेट लाव पण मापात. १० मीटरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो, तुझी भिंत ३ मीटरवर असेल तर साधारण १८ मिलिमीटरचा काळा ठिपका काढ, डोळ्याला तेवढाच दिसेल.

शांत_श्वास:
पिस्तूल खराब होतं का ते पिस्तुलावर आहे. मॅचची एअर पिस्तुलं असतात त्यांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती लावून हजारो वेळा कर काही होत नाही. स्प्रिंग-पिस्टनवालं असेल तर पेलेटशिवाय उडवू नको, आतला पिस्टन जोरात आपटतो. पॉइंट टू टू रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूस नसलं तर बऱ्याच पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि हळूहळू तिथे खड्डा पडतो, मग काडतूस नीट बसेना. म्हणून मॅन्युअल बघ, त्यात ड्राय फायर चालतं असं लिहिलं नसेल तर डमी, म्हणजे न उडणारं नकली काडतूस, घाल. डमी भडक रंगाची घे, खऱ्या गोळीसारखी दिसणारी नको.

२५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीसाठी (झटपट शॉटची फेरी) घरचा सराव तर फारच कामाचा. फोनवर टायमर लाव, ७ सेकंद हात खाली ४५ अंशांवर, ३ सेकंदांत वर येऊन एक शॉट, असे पाच. हात वर येतानाच ट्रिगरची पहिली स्टेज, म्हणजे सुरुवातीची हलकी ओढ, घेतलेली हवी, वर पोचल्यावर ट्रिगर शोधत बसलास तर ३ सेकंद कुठे गेले कळत नाही. मी पहिल्या आठवड्यात पाचातले दोनच वेळेत सोडत होतो.

लेझर काडतूस मी वापरलंय. भिंतीवर ठिपका बघायला माणूस माशी सोडून भिंतीकडे बघायला लागतो, तुला नको तीच सवय. सेन्सर मात्र नंतर घे, ट्रिगर दाबायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात नळी कुठे सरकली ते त्यात दिसतं आणि ते नुसत्या डोळ्याला पकडता येत नाही.

एक राहिलं, झटका आणि आवाजाची भीती घरी जात नाही. त्यासाठी रेंजवर मित्राला सांग, मॅगझिनमध्ये तुला न दाखवता मधेच एखादी डमी भरायला. डमीवर पिन पडली आणि नळी खाली गेली की कळतं काय चाललंय ते.

दहाव्या_रिंगचा_शोध:
खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच पंधरा मिनिटं भिंतीसमोर उभा राहिलो. तीस वेळा टक केलं, त्यातल्या अकरा वेळा माशी कुठे गेली ते सांगता आलं, बाकी वेळा दिसलंच नाही, आणि दिसली त्यातली बहुतेक खाली डावीकडे. पेलेटचा डबा आईच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. पॉइंट टू टूला डमी येईपर्यंत हात लावत नाही.