अनुभव धागा: ‘मले नाई येत’ म्हणणारे साहेब

साहेबाला सगळं येतं, असं धरूनच आपल्याकडे काम सुरू होतं. ज्यांनी वरच्याला हाताखालच्यांपुढे ‘मले नाई येत’ किंवा ‘चूक माझी’ म्हणताना पाहिलं, त्यांनी लिहा. नंतर काय बदललं तेही सांगा. नावं नकोत, भाषणं तर नकोतच.

पऱ्हाटी (जि. यवतमाळ)
जिनिंगमध्ये आहे, कापसातून सरकी वेगळी करतात तिथं. कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत चांगला, १२ च्या वर सरकारी खरेदीत घेतच नाहीत. गर्दीत मॅनेजरनं मीटर न लावताच गाड्या खाली करायला लावल्या. गंजी आतून तापली, रुई पिवळी पडली. अशा वेळी ग्रेडरचा, म्हणजे कापसाची प्रत तपासणाऱ्याचा, बळी ठरलेला असतो. हा मॅनेजर बाप्पा हमाल, फिटर, रेजा (मजूर बाया) सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ग्रेडर नाई म्हनत होता, म्याच आयकलं नाई.’ मालकापुढेही तेच. पुढं एका रेजानं जळका वास येताच मशीन बंद करायला लावली; कापसात खडा आला होता. आधी असं कोणी बोललं की पहिला प्रश्न, ‘तू कुठं पाहत होती?’ त्यामुळे सगळे गप्प. रुई पेटायला वेळ लागत नाही हो.

सिस्टर (जि. चंद्रपूर)
आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टर, शहरातले. पहिल्याच पावसाळ्यात सर्पदंशाचा पेशंट. म्हणाले, ‘सिस्टर, सापाच्या विषावरची ही लस मी स्वतः कधी दिलेली नाही. शेजारी थांबा, चुकलो तर लगेच बोला.’ रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर विष रक्तात भिनलेलं. हे आम्हाला पाठ. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनॅलिन भरून ठेवलं. बाहेर नातेवाईक कुजबुजले, ‘डॉक्टरलेच येत नाही तं काय!’ हा तोटा आहेच, तो कोणी लिहीत नाही. पेशंट वाचला. नंतर शिपाईसुद्धा ‘डॉक्टर, या बाटलीची तारीख गेली’ असं बिनधास्त सांगू लागला.

टेबल नंबर चार
आमचे साहेब दर बैठकीत ‘चूक माझीच’ म्हणतात. नोटीस आम्हाला येते.

सोयाबीनवाला (जि. बुलडाणा)
आमच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्षानं पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवले. ७० तरी उगवायला हवेत, उगवले ५८. गावात सांगितलं, ‘गोदाम गळलं, हयगय माझी, हे बियाणं पेरू नका.’ २०२० सालची न उगवलेली सोयाबीन लोक विसरले नव्हते. कंपनीला फटका बसला, दोन संचालक अजून त्याच्याशी बोलत नाहीत. लोक बियाणं तिथूनच घेतात, आणि घरी गोणपाटात तपासतातही.

गटवाली (जि. वाशीम)
साहेबानं कबूल केलं की मोठं मन! आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष ताईनं हप्त्याच्या हिशेबातली चूक स्वतःहून सांगितली, तर बँकेतला माणूस म्हणे, ‘बायांना हिशेब जमत नाही.’ तिनं तरी वही सगळ्यांपुढे फिरवली. आता दर सभेत वही मोठ्यानं वाचतो. बँकेत मात्र तिला एकटीला पाठवत नाही.