मेंदूला मार लागलेल्यांसाठी समन्वयक नेमावा का?

खडकवासलाकर
अपघात झाला की केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. उत्तम. आठव्या दिवसापासून मात्र ज्याचं त्याने बघायचं.
माझा थोरला भाऊ सिंहगड रोडला खडीवरून घसरला. आता चालतो, बोलतो, घरी येणारे "बरा दिसतोय की" म्हणून चहा पिऊन जातात. इकडे कुकरची शिट्टी झाली की तो अंगावर धावून येतो. दूध गॅसवर ठेवतो आणि आंघोळीला जातो. फिटची गोळी एका डॉक्टरांची, रागावरची दुसऱ्यांची; एकाने दुसऱ्याचा कागद पाहिलेला नाही. स्पीच थेरपी कोथरूडला, फिजिओ हडपसरला. हे सगळं जुळवते वहिनी, आणि त्यापायी तिने नोकरी सोडली. वीसेक घरांमागे एक पगारी समन्वयक, निदान पाच वर्षं, एवढी मागणी फार आहे का?

हिशेबी_माणूस
फार आहे. आणखी एक टेबल, आणखी एक "उद्या या". पैसे थेट घरच्यांच्या हातात द्या, माणूस ते शोधतील. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघातात मेंदूला इजा झालेल्या काजल नावाच्या मुलीच्या भरपाईच्या दाव्यात दोन मदतनीसांचे महिना १०,००० धरले आणि वर्षाच्या रकमेला १८ ने गुणलं. २१ लाख ६० हजार झाले, तेही फक्त सोबतीचे.

खडकवासलाकर
ती बसलेल्या ट्रॅक्टरला ट्रकने उडवलं होतं. खडीवरून घसरलेल्याने दावा कोणावर लावायचा? खडीवर?

कट्ट्यावरचा
पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चा निघतो. तिथून सुरुवात करा.

खडकवासलाकर
हेल्मेट होतं. त्याने कवटी वाचली. आतला मेंदू झटक्याने हलायचा तो हललाच.

निवृत्त_सिस्टर
समन्वयक मलाही हवाय, पण तो पेशंटला पाठवणार कुठे? आधी प्रमाणपत्राचं घ्या. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मेंदूच्या इजेचा वेगळा नाही. हात लुळा पडला तर टक्के मोजतात. विसरणं आणि भडकणं कशात बसवायचं यावर घरचे हेलपाटे घालतात, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. शिवाय भावाला आठ दिवस ठेवून घेईल आणि वहिनीला माहेरी जाऊ देईल अशी जागा हवी. वॉर्डात मी बघितलंय, दोनेक वर्षांत पेशंटपेक्षा बायकोच जास्त आजारी दिसते.

हिशेबी_माणूस
म्हणजे सिस्टर, तुम्ही माझ्याच बाजूच्या. आधी सोय, मग साहेब.

निवृत्त_सिस्टर
अजिबात नाही. पैसे हातात दिलेत तर पहिल्या वर्षी काढे, मालिश आणि "मेंदूचं टॉनिक" यांत उडतील. कोणती थेरपी कधी थांबवायची, रागामागे गोळी आहे की इजा, हे विचारायला ओळखीचं एक माणूस लागतंच. फक्त तो महापालिकेच्या ऑफिसात नको, न्यूरो ओपीडीत बसवा. डिस्चार्जच्या आधी घरच्यांना भेटेल असा.

हिशेबी_माणूस
ओपीडीत चालेल. पगार कोणाच्या खात्यातून?