रिटायर झाल्यावर घर-आगर दुरुस्तीचे उद्योग : तुमचे अनुभव लिहा

पडवीतला
काल पडवीवरची कौलं उतरवली. गेले दोन पावसाळे टोप, बादल्या, घमेली मांडून झाली होती, म्हटलं आता रिटायर झालोय, सबब राहिली नाही. कौलं खाली आली, रिपा निघाल्या आणि वाशांच्या बुडाशी कोळशाने लिहिलेले आकडे दिसले. पूर्वेकडून १, २, ३ असे, आणि ७ ची शेपटी ही लांब खाली ओढलेली. आमच्या अण्णांचा ७ तसाच असायचा, दुधाच्या हिशेबाच्या वहीत पण तसाच. मी तिसरीत होतो तेव्हा मे महिन्यात हे छप्पर पूर्ण उतरवून परत चढवलेलं, वाडीतली सगळी माणसं रांगेत उभी राहून कौलं हातोहात देत होती, माझ्याकडे फुटकी वेगळी काढायचं काम होतं आणि मी पन्हं पीत बसलो होतो. आकडे घातलेले असणार ते वासे परत त्याच जागी बसावेत म्हणून. हे आज ६१ व्या वर्षी कळतंय.
आता पंचाईत अशी की नेमका ७ नंबरचा वासाच बुडाला कुजलाय. सुतार म्हणतो टाकून द्या. मन होत नाही.
असो. रिटायर होऊन गावाला घर किंवा आगर (नारळ-पोफळीची बाग) काढलेले इथे बरेच आहेत, काय काय केलंत, काय फसलं, लिहा. मी गुहागरकडचा आहे, गवंडी-सुतार मिळण्याची बोंब सगळीकडे सारखीच असणार.

कापा की बरका
वासा टाकू नका हो.

मालवणी मसाला
आमच्या घोवान रिटायर झाल्यार पयलां काय केल्यान तर ड्रिल मशीन हाडल्यान. माका इचारूक पण नाय. जांभ्या चिऱ्याची भिंत ती, एका फोटोसाठी चार भोकां पाडल्यान, स्क्रू ऱ्हवता खंय, भुसाभुसा माती गळता. आता घरात बारा भोकां आणि अकरा कॅलेंडरां. रोज सकाळी उठान "आज काय करूया" म्हणता, माका धडकीच भरता.

जुना पंप
बाराव्या भोकाचं काय केलंत ताई?

मालवणी मसाला
थंय माझो फोटो लावतलो म्हणता. हार घालूची घाई झाली असतली.

जुना पंप
😂😂 भाऊजींना नमस्कार सांगा.
माझा किस्सा विहिरीचा. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. विहीर आजोबांच्या वेळची, रहाट होता, मी लहानपणी रहाटाच्या कुरकुरण्यावर झोपायचो. रिटायर झाल्यावर पहिल्या मे महिन्यात गाळ काढून घेतला, तो काढलाच आहे तर दोन फूट खोल पण करा म्हटलं, आणि वर ३ एचपीचा पंप बसवला. मजा आली. पाइप धरला की पोफळीच्या शेंड्यापर्यंत पाणी. पुढच्या एप्रिलमध्ये आई म्हणाली चहात साखरेऐवजी मीठ टाकलंस का रे. पाणी मचूळ! शेजारच्या दोन विहिरींचं पण, म्हणजे बोलणी खायला आणखी दोन घरं. झालेलं असं की किनाऱ्यावर गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरचं भसाभस उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि मी तर विहीर खोल करून त्याच्या आणखी जवळ गेलो होतो. रहाटाच्या गाडग्यांनी येऊन येऊन किती पाणी येणार, म्हणून शंभर वर्षं टिकलं. आता खालचे दोन फूट परत बुजवलेत, अर्ध्या एचपीचा पंप सकाळी एक तास, मग बंद. दोन पावसाळे गेले तेव्हा चहा सुधारला. समुद्राजवळ असाल तर आधी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारा, मग पंपवाल्याला.

कोकम सरबत
छान माहिती. आमच्या इथे पण हेच होतंय, रिसॉर्टवाल्यांनी बोअर मारल्यापासून.

आंबट शौकीन
मी थोडक्यात सांगतो. हापूसची २० कलमं लावली. सहा वर्षं खत, पाणी, कुंपण, राखण. यंदा त्यातल्या सात झाडांना पहिला आंबा लागला. रायवळ!! कलम वरचं मेलं होतं आणि खालच्या खुंटाची फूट मी लाडाने वाढवत होतो. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा आणि जोडाखालून आलेली फूट खुडून टाकायची हे दापोलीला विद्यापीठात शिकलेला माझा भाचा आता सांगतोय. सहा वर्षं कुठे होतास बाबा.

कापा की बरका
लोणच्याला बरे.

आंबट शौकीन
सात झाडांचं लोणचं??

पोफळीखाली
मी श्रीवर्धनचा. ३० एप्रिल २०२० ला रिटायर झालो, लॉकडाऊन चालू, सेंड-ऑफ फोनवर झाला, शाल-श्रीफळ पण नाही. ठरवलेलं की आता वाडीकडे बघायचं. बरोबर ३४ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आलं. आम्ही सहा जण माजघरात, आई देवघराच्या दाराला टेकून. माड मोडताना आवाज येतो तो कसा सांगू, फटाक्यासारखा नाही, आधी कण्हल्यासारखा आणि मग धप्प. पोफळी तर मोजल्याच नाहीत, एकावर एक पडत गेल्या. वारा थांबल्यावर मागचं दार उघडलं आणि समोर समुद्र. आमच्या घरातून समुद्र कधी दिसलाच नव्हता. ऐकू यायचा फक्त. आईने तिच्या लग्नापासून पहिल्यांदा परसातून समुद्र बघितला आणि ती म्हणाली, दार लाव.
पुढचे चार महिने पडलेली झाडं काढण्यात गेले, कटर मिळेना, मिळाला तर माणूस मिळेना. मग परत लागवड. पोफळी नऊ बाय नऊ फुटांवर, पण नुसत्या लावून चालत नाही, लहान रोपाला ऊन सोसत नाही म्हणून आधी केळी लावल्या सावलीला. पहिल्या वर्षी तर वाडीत फक्त केळीच दिसायच्या, लोक विचारायचे धंदा बदललात काय. पाचव्या वर्षी काही पोफळींना फळ धरलं. मुलगा म्हणतो बाबा मोकळी जागा आहे, दोन खोल्या बांधू, सी-व्ह्यू म्हणून चालतील. मी म्हटलं आधी समुद्र झाकू दे मला.

कोकम सरबत
काका 🙏 वाचून काटा आला. आमचं दापोलीकडे तेव्हा नुसते पत्रे गेले त्याचंच किती रडलो होतो.

गिलावा
काकांच्या नंतर काय लिहायचं, तरी लिहितो, भात शिजेपर्यंत वेळ आहे. मातीच्या जुन्या भिंतींना मी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, रंग पिस्ता. पहिल्या पावसाळ्यात खालून ओल चढली ती भिंतीतच अडकली, पूर्वी मातीतून सुकून जायची, आता बाहेर पडायला वाट नाही. दिवाळीला गिलाव्यावर बोट वाजवलं तर ढोल. नंतर सगळा पाडून चुन्याचा केला, दुप्पट पैसे. मिस्त्री पहिल्यांदाच सांगत होता "भाऊ चुना करूया", मला वाटलं हा जुन्या वळणाचा. चिऱ्याचं पण तसंच, खाणीतून ताजा आलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहून कडक होतो, आमच्या आजोबांनी म्हणे चिरे आणून एक वर्ष अंगणात रचून ठेवले होते. आम्हाला गणपतीच्या आधी सगळं पाहिजे असतं ना.

चाकरमानी नं. १४
गणपतीची डेडलाइन म्हणू नका. आमचं घर सामाईक, उताऱ्यावर चौदा नावं. ग्रुपवर दरवाजाच्या रंगावर तीन आठवडे चर्चा, बोरिवलीच्या काकांना "होतं तसंच" हवं, होतं तसं म्हणजे कसं तर १९८२ सालचं, फोटो ब्लॅक अँड व्हाइट. पैसे मागितले की ग्रुप शांत, डबल टिक निळी पण होत नाही. मी आणि बायको मे ते ऑगस्ट राबलो, खळं (पुढचं अंगण) केलं, मागच्या बाजूला मोरी नवीन. गणपतीला सगळे आले आणि पहिला प्रश्न, कमोड का नाही बसवलास, आमचे गुडघे दुखतात. तो मात्र खरा मुद्दा होता. साठीनंतर घर काढणाऱ्यांनी पहिलं काम ते करा, रंग राहू दे.

मालवणी मसाला
आमच्याकडे कमोड आसा पण थंय जावच्या वाटेर पाच पायऱ्यो.

वाळवीग्रस्त
@पडवीतला बाकीच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाळवी फिरकत नाही. पण हातमोजे घालून. मी उघड्या हाताने लावलं आणि मध्येच तोंडावरचा घाम पुसला. आठ दिवस तोंडाचा भोपळा, नातवाने ओळखलं नाही.

सावंतवाडीकर नाही
कौलांवरून आठवलं. आमच्या छपरावरच्या एका कौलावर बासेल मिशन आणि १८६५ असं उठवलेलं निघालं. झालं, मी सगळ्यांना सांगत सुटलो की आमचं घर १८६५ चं, हेरिटेज. बाहेर पाटी पण रंगवून लावली. मग एक पाहुणे आले, त्यांनी हळूच सांगितलं की मंगलोरला बासेल मिशन या मिशनऱ्यांच्या संस्थेने कौलांचा कारखाना १८६५ ला काढला, ते साल कारखान्याचं, ती कौलं पुढे कितीतरी वर्षं त्याच सालाच्या शिक्क्याने निघत होती. आमचं घर प्रत्यक्षात आजोबांच्या लग्नाच्या वेळचं. पाटी अजून आहे, आता ती काढायला कोण चढणार.

गांडूळबाबा
मी यूट्यूब बघून सेंद्रिय झालो. परसात मोठा शेणखताचा खड्डा केला, पालापाचोळा, कुजलेल्या माडाचे ओंडके सगळं त्यात. खड्ड्याच्या बाजूला नवीन बाणावली नारळाची बारा रोपं, सरळ ओळीत २५ फुटांवर. दीड वर्षात माडांची नवीन पानं कात्रीने नक्षी कापल्यासारखी यायला लागली. मला वाटलं वारा. गेंड्या भुंगा! आणि तो कुठे वाढतोय, तर माझ्याच खड्ड्यात, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, एका घमेल्यात मावल्या नाहीत. म्हणजे मीच पाळत होतो. रत्नागिरीला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात जाऊन आलो, तेव्हा कळलं की खड्डा दर दोनेक महिन्यांनी उलथायचा, अळ्या वेचायच्या, कुजलेली खोडं ठेवायचीच नाहीत आणि शेंड्यातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढायचा. आता संध्याकाळी मी तार घेऊन फिरतो. बायको म्हणते ऑफिसात पण असंच कोणालातरी टोचत असशील. कोंबड्या खूश आहेत, अळ्या त्यांनाच.

कोकम सरबत
अळीवर वाढलेल्या कोंबडीची अंडी पिवळीधमक होतात का हो? खरंच विचारतेय.

गांडूळबाबा
होतात की. या कधीतरी.

अंगणवाली
आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. शेण मिळत नाही, सारवायला कंबर वाकत नाही, म्हणून. शिमग्याला पालखी आली, दुपारची, आणि पालखी नाचवणारे सगळे अनवाणी. ब्लॉक असे तापलेले की नाचवणं राहिलं बाजूला, नुसते उड्या मारतायत. मी बादल्यांनी पाणी ओततेय, गुरव हसतायत. आता पालखीच्या जागेपुरते ब्लॉक काढून परत माती केलीय, बाकी तसंच. अर्धं अंगण माहेरचं अर्धं सासरचं असं दिसतं.

आंबट शौकीन
कोणाकडे माकडांवर उपाय आहे का? फटाके, गोफण, वाघाचं चित्र सगळं झालं. चित्राशेजारी बसून पेरू खातात.

जुना पंप
ती पण रिटायर झालेली असतील.

पडवीतला
सगळ्यांचे आभार, उत्तरं एकेक देतो, हात चिकट आहेत. (हातमोजे घातले होते @वाळवीग्रस्त, तरी मनगटाला लागलंच.)
७ नंबरचं झालं असं की सुतार आज परत आला, त्याने आणि मी वासा खाली घेऊन बघितला. बुडाकडचा दीड हात गेलेला, पावळीचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरत होतं. पुढचं लाकूड अजून टणटणीत, शिवणीच्या झाडाचं आहे म्हणाला, असं आता मिळायचं नाही. वासा आखूड झाला तो मागच्या न्हाणीवर चालवतोय, तिथे तेवढीच लांबी लागते. कुजलेला तुकडा सुतार चुलीत घाल म्हणत होता. आकडा त्याच्यावरच आहे, तो मी काढून ठेवलाय, अजून कुठे ठेवायचा ठरलं नाही, सध्या फ्रीजवर आहे आणि बायको रोज विचारते.
पडवीला नवीन वासा फणसाचा मिळाला. चढवायच्या आधी मी पण कोळसा घेऊन बुडाला ७ घातला. शेपटी ओढून बघितली, जमली नाही, सरळच आला. मग वर चढवला.
@आंबट शौकीन माकडांचं काही कळलं तर मला पण सांगा, काल नवीन कौलं चार फोडली.