रंगमंचावर थेंब उलटे चढताना दाखवायचेत

नेपथ्यवेडा: एकांकिकेत छत गळतंय. शेवटी थेंब खालून वर जायला हवेत. प्रोजेक्टर नको, दिग्दर्शकाला खरं पाणीच पाहिजे. बजेट चहापाण्याचं!

प्रकाशवाला: जमतं की. सलाईनची नळी वूफरच्या (जाड आवाजाच्या स्पीकरच्या) पडद्याला चिकटवा, मोबाईलवरून ६० हर्ट्झचा सूर सोडा. धारेचे सारखे थेंब तुटतात. स्ट्रोब (झपझप लुकलुकणारा दिवा) सेकंदाला ६१ वर ठेवा, थेंब हळूहळू वर सरकताना दिसतात. ५९ केलं की खाली. बाकी दिवे बंद, मागे काळा पडदा.

विंगेतली ताई: खालच्या ट्रेमध्ये फोम टाका हो, नाहीतर टपटप संवाद खाते. आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर नादच सोडा.

नेपथ्यवेडा: शेवटच्या रांगेतून दिसेल?

प्रकाशवाला: मोठ्या नाट्यगृहात कठीणच. पाण्यात थोडं दूध घाला, थेंब उठून दिसतात. पण रोज बदला, वास मारतो.