औषध कंपन्यांचे सल्लागार दिवसभर करतात काय? आपापला एक दिवस लिहा

या क्षेत्रात यावं की नाही असं विचारणारे बरेच तरुण गेल्या वर्षभरात मला भेटले. कुणी फार्मसी केलेलं, कुणी बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी, दोघे-तिघे तर डॉक्टर. सगळ्यांचं विचारणं एकच: सकाळी लॅपटॉप उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तुम्ही नेमकं करता काय? ‘कंपन्यांना सल्ला देतो’ हे उत्तर खरं आहे, पण त्यातून कुणाला काही कळत नाही. म्हणून या कामात असलेल्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. गाजलेला प्रोजेक्ट नको, साधा मंगळवार लिहा. फक्त क्लायंट ओळखू येईल असं काही येऊ देऊ नका.

सुरुवात मीच करते. मॅनेजर आहे, अकरावं वर्ष चालू आहे. दिवस टीमच्या पंधरा मिनिटांच्या कॉलने उघडतो आणि त्यात माझा एक प्रश्न ठरलेला असतो: हा आकडा आला कुठून? रुग्णसंख्या कुठल्या रजिस्ट्रीतली, म्हणजे रुग्णांच्या नोंदवहीतली? निदान झालेले रुग्ण की आजार असावा असा अंदाज असलेले? त्यात मुलं धरली आहेत का? माझा अर्ध्याहून जास्त दिवस यातच जातो. समोर बसणाऱ्या माणसाने त्या आजारावर वीस-वीस वर्षं काम केलेलं असतं. एक आकडा डळमळला की पुढच्या चाळीस स्लाइड्स तो ऐकून घेतो, पण मानत नाही. दुपार क्लायंटच्या कॉल्समध्ये, संध्याकाळ डेक, म्हणजे स्लाइड्सचा संच, तपासण्यात. एवढंच. आता तुम्ही लिहा.

———

दुसऱ्या वर्षाचा अनालिस्ट

ताई, तुमचा हाच प्रश्न मला गेल्या गुरुवारी दिवसभर पुरला.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरच्या औषधाचा दहा वर्षांचा फोरकास्ट, म्हणजे विक्रीचा अंदाज, करतोय. मॉडेल म्हणजे एक्सेलची फाइल, बावीस शीट्स. वरून लोकसंख्या ओतायची आणि गाळत गाळत खाली यायचं. आजार किती जणांना, निदान किती जणांचं, जनुकीय चाचणी किती जणांची होते, हवा तो बदल कितींमध्ये सापडतो, उपचार किती जण घेतात, पहिल्या औषधानंतर आजार पुन्हा वाढून दुसऱ्या औषधापर्यंत किती जण पोचतात. शेवटी आपल्या औषधाचा वाटा, आणि सवलती वजा जाऊन कंपनीच्या हातात खरोखर पडणारी किंमत.

साडेदहाच्या सुमारास सेकंड लाइनचे, म्हणजे दुसऱ्या औषधापर्यंत पोचलेले, रुग्ण भलतेच जास्त दिसायला लागले. फॉर्म्युले तपासले, सगळे बरोबर. चूक साखळीतच होती. मी एका जुन्या प्रोजेक्टचं मॉडेल आधाराला घेतलं होतं. त्यात ईजीएफआर या जनुकात बदल असलेले रुग्ण आधीच्या पिढीच्या गोळ्या घेतात, पुढे बऱ्याच जणांच्या गाठीत टी७९०एम नावाचा नवा बदल येऊन त्या गोळ्या चालेनाशा होतात, आणि मग ऑसिमर्टिनिब हे नव्या पिढीचं औषध सुरू होतं. अमेरिकेत २०१५ मध्ये त्या औषधाला पहिली मंजुरी मिळाली ती याच जागेसाठी. पण २०१८ मध्ये त्याला उपचाराच्या पहिल्याच टप्प्यासाठी मंजुरी मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यात आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने होता आणि जुन्या गोळ्यांचा १०.२. साहजिकच डॉक्टर सुरुवातीलाच ते देऊ लागले आणि टी७९०एमची ती वाट आटत गेली. माझ्या फाइलमध्ये मात्र ती भरून वाहत होती.

मॅनेजरला लगेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लायंटची बैठक होती, डेक निम्मा तयार होता. ते म्हणाले, “आज सापडलं, उद्या नाही, हे महत्त्वाचं. कर सुरू.” मग सेकंड लाइन पूर्ण नव्याने बांधली. आता दरवर्षी पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणारे रुग्ण तीनच ठिकाणी जाऊ शकतात: पुढच्या औषधाकडे, उपचार थांबवलेल्यांत किंवा मृतांत. तिन्हींची बेरीज जुळते का हे दाखवणारी एक ओळ प्रत्येक शीटच्या तळाशी टाकली. सगळीकडे फरक शून्य आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्या ओळीतल्या ‘मृत’ या रकान्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर तो माझ्यासाठी फक्त टक्केवारी होता.

———

मुलाखती घेणारी कन्सल्टंट, पूर्वाश्रमीची डॉक्टर

माझा दिवस घड्याळाने नाही, समोरच्या डॉक्टरांच्या ओपीडीने ठरतो. ते जेव्हा मोकळे, तेव्हा आम्ही कॉलवर. कधी पहाटे पाच, कधी रात्री अकरा. एका प्रोजेक्टमध्ये असे वीस-पंचवीस कॉल असतात, प्रत्येक तासाभराचा. क्लायंट कोण हे त्यांना कळत नाही आणि ते कोण हे क्लायंटला कळत नाही. प्रश्नावली हाताशी असते, पण खरी गोष्ट तिच्या बाहेर सापडते. “हे औषध तुम्ही कुणाला देता?” याला पाठ्यपुस्तकातलं उत्तर मिळतं. “शेवटचा रुग्ण आठवा, त्याला हे का दिलं नाहीत?” असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो, आणि मग बोलतो. ती शांतता भरून काढायची घाई करायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

एक प्रसंग सांगते. कॉलचा अडतिसावा मिनिट. डॉक्टर सहज बोलून गेले की आम्ही जिच्याबद्दल बोलत होतो त्या गोळीवर असलेल्या त्यांच्या एका रुग्णाला कावीळ होऊन दाखल करावं लागलं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी त्यांना थांबवलं. आमच्या कामात हे ऐकून सोडून देता येत नाही. ओळखता येईल असा रुग्ण, सांगणारी व्यक्ती, संशयित औषध आणि घडलेली गोष्ट या चार बाबी असल्या की तो दुष्परिणामाचा वैध अहवाल होतो आणि एका कामकाजाच्या दिवसात तो कंपनीच्या औषध-सुरक्षा विभागाकडे जावा लागतो. रुग्णाचं नाव लागत नाही, वय किंवा लिंग एवढंही पुरतं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं: स्त्री, साठीच्या पुढची. कॉल संपल्यावर टिपणं नीट करण्याआधी मी तो फॉर्म भरला. बाजाराविषयी माझा निष्कर्ष पुढे कुणी वापरला की नाही मला माहीत नाही. तो फॉर्म मात्र नोंदला गेला.

———

किंमत आणि प्रतिपूर्तीचं काम करणारा

औषधाला मंजुरी मिळाली म्हणजे ते रुग्णापर्यंत पोचलं, असं बाहेरच्यांना वाटतं. माझं सगळं काम मंजुरीनंतरच्या दाराशी आहे: याचे पैसे कोण भरणार आणि का भरणार?

दिवसातला मोठा भाग वाचनात जातो. इंग्लंडमध्ये नाइस ही संस्था औषधामुळे दर्जेदार आयुष्याचं एक वर्ष वाढवायला किती खर्च येतो ते पाहते. जर्मनीत २०११ पासून वेगळी पद्धत आहे. तिथे नवं औषध आधीच्या प्रचलित उपचारापेक्षा किती जास्त लाभ देतं हे डॉक्टर, रुग्णालयं आणि आरोग्य विमा संस्थांची संयुक्त समिती ठरवते आणि त्यावरून किमतीची बोलणी होतात. ‘जास्त लाभ सिद्ध झाला नाही’ असा शिक्का बसला की बोलणी अवघड होतात. आता अडचण पाहा. तुलना कशाशी करायची हे ती समिती सांगते, आणि चाचणीत तुलना कशाशी केली हे कंपनीने चार-पाच वर्षांपूर्वीच ठरवलेलं असतं.

गेल्या महिन्यात असाच एक दिवस आला. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू होती, रुग्ण भरती होत होते. आराखडा वाचताना दिसलं की तुलनेला फक्त प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नकली डोस, आहे, आणि त्या आजारात आता चांगलं औषध उपलब्ध आहे. दुपारी क्लायंटच्या टीमला हे सांगितलं. खोलीत कुणी बोलेना. तिथल्या वैद्यकीय प्रमुख शेवटी म्हणाल्या, “हे आम्हाला आधी कुणी विचारायला हवं होतं.” मला अजून ते लागून राहिलं आहे. आम्हाला बोलावतात ते दाराशी पोचल्यावर, आणि रस्ता तर पहिल्या टप्प्यातच आखला जातो. उरलेला दिवस अप्रत्यक्ष तुलना करता येईल का हे शोधण्यात गेला. दोन वेगळ्या चाचण्यांतला समान धागा प्लासिबो, त्याच्या आधारे गणित मांडायचं. ते प्रत्यक्ष तुलनेइतकं भक्कम कधीच नसतं, आणि तसं आम्ही स्लाइडवर स्पष्ट लिहिलं.

नव्याने येणाऱ्यांना एकच सांगणं: स्लाइड करायला कुणीही शिकवेल. चाचणीचा आराखडा वाचायला शिका.

———

दोन लहान मुलांची आई, सीनियर कन्सल्टंट

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. संध्याकाळी सहा ते साडेआठ मी कॉल घेत नाही. हे फर्मच्या पार्टनरला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यांनी पाळलं. त्यानंतर दोन तास पुन्हा बसते. मुदत जवळ आली की हे मोडतं, आणि अशा आठवड्यांचा थकवा खरा असतो. तो लपवून तरुणांना इकडे बोलावू नका.

———

कारखान्यांत काम करणारा कन्सल्टंट

माझा दिवस वेगळा, कारण मी बहुधा उभा असतो. सध्या कार-टी या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराच्या एका प्रोजेक्टवर आहे. यातल्या पहिल्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, काढतात, कारखान्यात त्यांच्यात जनुकीय बदल करतात, वाढवतात, तपासतात आणि त्याच रुग्णाला परत देतात. एक बॅच म्हणजे एक माणूस. पेशींची पिशवी चुकली तर दुसरी पाठवू असं म्हणायची सोय नाही. यात काही आठवडे जातात, आणि ज्याचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, उलटला आहे त्याच्यासाठी एकेक दिवस मोलाचा.

आम्हाला विचारलं होतं, वेळ कुठे जातो? सगळ्यांचा रोख पेशी वाढवण्याच्या पायरीवर होता. मी वही घेऊन पिशवी आत येते त्या खिडकीपाशी उभा राहिलो. सकाळी आलेल्या तीन पिशव्यांपैकी एक बाजूला ठेवली गेली. विचारलं तर गुणवत्ता विभागातल्या बाईंनी फॉर्म दाखवला: पेशी काढल्याची वेळ लिहिली होती, पण ती कुठल्या टाइम झोनची हे नव्हतं. पेशी काढल्यापासून किती तास झाले हे ठरत नाही तोवर पिशवी पुढे जाऊ शकत नाही. त्यांनी रुग्णालयाला फोन लावला. तिथे रात्र होती. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

मागची कागदपत्रं काढली तर हाच अडथळा पुन्हा पुन्हा आलेला. मी त्या बाईंसोबत बसून फॉर्मची नवी प्रत केली. टाइम झोनचा रकाना आता वेळेच्या शेजारीच आहे, आणि तो रिकामा असेल तर कुरियरवाला पिशवी उचलत नाही.