तेलगळतीची तयारी: आधी बूम की आधीच्या नोंदी?

खाजणकाठ:
तेलगळतीची तयारी म्हटलं की सरकारं बूम (तेल अडवणारे तरंगते अडसर) आणि स्किमर (पाण्यावरचं तेल उपसणारी यंत्रं) घेऊन मोकळी होतात. पण गळतीआधी किनाऱ्यावर काय होतं हेच ठाऊक नसेल तर नुकसान मोजणार कशाशी? गाळ, शिंपले, मासे, पक्षी यांची दरवर्षीची मोजणी कायद्यानेच बंधनकारक हवी.

भरतीरेषा:
असहमत. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, सुमारे ३७,००० टन तेल सांडलं. तिथे हेरिंग माशांच्या साठ्याच्या नोंदी आधीपासून होत्या. १९९३ मध्ये साठा कोसळला, आणि तेलामुळे की रोगामुळे हा वाद नोंदी असूनही मिटला नाही. तोच पैसा सरावावर घाला. बूम गोदामात असून भागत नाही. प्रवाहाला काटकोनात लावला आणि वेग ०.७ नॉटच्या वर गेला, की तेल खालून निसटतं. तिरका लावायचा तर नांगर कुठे टाकायचे, हे ओहोटीच्या ओढीत प्रत्यक्ष करूनच कळतं.

खाजणकाठ:
सराव हवाच. पण हेरिंगचा धडा वेगळा आहे: नुसती संख्या पुरत नाही. तेल न पोचलेल्या जागांची त्याच वर्षांची तुलना आणि गोठवून ठेवलेले माशांचे नमुने लागतात. आणि भरपाई? टँकर गळतीसाठीचा १९९२ चा आंतरराष्ट्रीय निधी निव्वळ सैद्धांतिक सूत्रांवर बेतलेले पर्यावरणीय दावे मान्य करत नाही.

काचबरणी:
तुम्ही दोघंही मधला वेळ विसरताय. तेल किनाऱ्याला लागेपर्यंत बरेचदा काही तास, कधी काही दिवस मिळतात. त्या वेळात अजून स्वच्छ असलेल्या किनाऱ्यावर जाऊन गाळ-पाण्याचे नमुने घेणारी तुकडी आराखड्यात आधीच नेमलेली हवी, नाहीतर सगळी माणसं सफाईलाच धावतात.

घोळ होतो तो साध्या गोष्टींत. प्लास्टिकची बाटली नको, तेल तिला चिकटतं आणि तिची रसायनं नमुन्यात उतरतात. गडद काचेची बरणी, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, साठवण अंधारात ४ अंश सेल्सियसला. स्वतःच्याच बोटीचं डिझेल नमुन्यात येऊ नये म्हणून इंजिन बंद, आणि सोबत एक कोरा नमुना, म्हणजे तशीच हाताळलेली पण किनाऱ्याचं काही न भरलेली बरणी, बाहेरून काही मिसळलं का ते कळायला. बरणी कुणाच्या हातून कुणाकडे गेली याच्या सह्यांत एक जरी गाळली, तरी समोरचा वकील त्या पुराव्यावर बोट ठेवतो. प्रयोगशाळेलाही नुसती नेहमीच्या १६ पीएएचची (तेलातल्या, कार्बनच्या जोडलेल्या कड्यांच्या विषारी संयुगांची) यादी देऊ नका. कच्च्या तेलात अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनच्या लहान साखळ्या) जोडलेली पीएएच त्यांच्यापेक्षा बरीच जास्त असतात, आणि तेल कुठलं हे ओळखायला होपेनसारखी, तेलागणिक प्रमाण बदलणारी संयुगं तपासावी लागतात.

भरतीरेषा:
हे पटलं, खर्चही आवाक्यातला. पण एका फेरीवरून पक्षी किती घटले हे सांगता येणार नाही.

खाजणकाठ:
नाहीच येणार. म्हणून पक्षी आणि माशांच्या दरवर्षीच्या मोजणीवर मी ठाम आहे. गाळ आणि पाण्यापुरती मात्र माघार घेतो. ते नमुने त्या काही तासांत मिळतील, बरण्यांची पेटी बंदरात तयार असली तर.