घरच्यांची मने न दुखावता दूध-तूप सोडता येईल का?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. मी पस्तिशीतली, नोकरी करणारी, शाकाहारी घरात वाढलेली आणि शाकाहारी घरातच नांदणारी स्त्री आहे. मांस न खाण्यामागे माझ्या मनात सोवळेओवळे कधीच नव्हते. आपल्या जेवणापायी कोणत्याही जिवाला यातना होऊ नयेत, एवढेच साधे कारण होते. तेच कारण प्रामाणिकपणे पुढे नेले की प्रश्न दुधापाशी येऊन थांबतो. गाय-म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, दूध चालू राहावे म्हणून ती पुन्हापुन्हा गाभण राहावी लागते, आणि होणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात, ज्यांची आज ना शेताला गरज उरली आहे ना गोठ्याला. हे कळत असूनही रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घरात घेणे मला जड जाऊ लागले आहे.

निश्चय करणे मला सोपे वाटते. घरात राहून तो निभावणे अवघड वाटते. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. साय साठवून, विरजण लावून, लोणी काढून त्या अजूनही स्वतः तूप कढवतात आणि वरणभातावर आपल्या हाताने वाढतात. ते तूप मी नको म्हटले, तर त्यांना मी त्यांचा हातच झिडकारल्यासारखे वाटेल, याची मला खात्री आहे. श्रावणात आणि गणपतीत पंचामृत, खीर, नैवेद्याच्या पानावरचे तूप हे सगळे आलेच. मुलगा चार वर्षांचा आहे आणि रोज दोन पेले दूध पितो. त्यातच गेल्या तपासणीत माझे बी-12 खालच्या मर्यादेला टेकलेले निघाले, तेही दूध-दही रोज खात असताना.

ज्या मूल्यापायी मी हे करू पाहते आहे ते करुणेचे आहे. मग त्यासाठी घरातल्या वृद्ध माणसाला दुखवावे का, आणि स्वतःची तब्येत पणाला लावावी का? ज्यांनी हे पाऊल उचलले आहे आणि ज्यांनी विचारपूर्वक उचललेले नाही, अशा दोघांचेही म्हणणे ऐकायला आवडेल.

उत्तर 1 (आहारतज्ज्ञ, नाशिक)

बी-12 पासून सुरुवात करते, कारण बाकीचे बहुतेक सगळे स्वयंपाकघरात भागते, हे भागत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. मोड आलेली कडधान्ये, आंबवलेले इडलीचे पीठ, स्पिरुलिनाच्या गोळ्या यांतून ते मिळते असे सर्रास सांगितले जाते. त्यावर कृपया विसंबू नका. प्रौढ माणसाची रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते आणि यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता उघडी पडायला कित्येकदा काही वर्षे जातात आणि तोवर माणूस ‘मला तर काही होत नाही’ म्हणत निर्धास्त राहतो. पुढे थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा सुरू होतो, आणि मज्जातंतूंना झालेली इजा उशिरा उपचार केल्यावर पूर्णपणे भरून येतेच असे नाही.

दूध पिणारा शाकाहारी या बाबतीत सुरक्षित असतो, हाही समज सोडायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1990च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-12 कमी आढळले होते. तेव्हा आपल्या अहवालात नवल काही नाही. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही पातळी वर आणा, मग दूध सोडा आणि त्यानंतर गोळी कायमची चालू ठेवा. हे औषध जिवाणूंच्या किण्वनातूनच बनवतात, त्यामुळे आपल्या तत्त्वाला त्याची अडचण येऊ नये. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून साधी गोळी मागून घ्यावी. केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्तातली लक्षणे झाकली जातात आणि मज्जातंतूंचे नुकसान आतून चालूच राहू शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी दीर्घकाळ पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांनी तर, ते दूध पीत असोत वा नसोत, बी-12 तपासत राहावे. हे मी सासूबाईंसाठीही लिहीत आहे.

कॅल्शियमची धास्ती त्या मानाने जास्तच घेतली जाते. 100 ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच नाचणीत 350च्या आसपास आणि न सोललेल्या तिळात 1,000हून अधिक. अर्थात 100 ग्रॅम तीळ कोणी खात नाही. पण रोज एक नाचणीची भाकरी, त्यावर तिळाची किंवा कारळ्याची चटणी आणि आठवड्यातून दोन-तीनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी, असा बेत जमला की बरीच मजल मारता येते. पालकात कॅल्शियम दिसते, परंतु ऑक्झॅलेटमुळे त्यातले फारच थोडे अंगी लागते. बाजारात मिळणाऱ्या बदामाच्या तथाकथित दुधात बहुतांशी पाणीच असते. प्रथिनांच्या दृष्टीने सोयाचे दूधच गाईच्या दुधाच्या जवळ जाते. शिवाय दूध सोडले म्हणजे आपोआप आरोग्य सुधारते असेही नाही. तेलात तळलेली शेव आणि साखरेचा पाक हे दोन्ही काटेकोर व्हीगन, म्हणजे दुधासह कोणताही प्राणिजन्य घटक नसलेले असतात.

मुलाचे दूध मात्र आत्ता बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या ताटाचा निर्णय आपण पती-पत्नी दोघांनी मिळून आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यायचा आहे. दोन पेल्यांहून जास्त दूध तसेही नको, कारण पोट दुधाने भरले की जेवण कमी होते आणि लोहाची कमतरता होते.

उत्तर 2 (दूध उत्पादक, फलटण तालुका)

ताई, मी डेअरीला दूध घालणारा माणूस आहे, म्हणजे आपल्या प्रश्नातला दुसरा पक्ष. आपण जे लिहिले आहे ते खोटे नाही. आमच्याकडे उसाचे पैसे वर्षाने येतात आणि दुधाचे दर दहा दिवसांनी. किराणा, मुलांची फी, दवाखाना हे सगळे त्या दहा दिवसांच्या पगारावर चालते. त्यामुळे गोठ्यात कालवड झाली की घर आनंदते आणि गोऱ्हा झाला की कोणी फारसे बोलत नाही.

पूर्वी खोंड वाढवून त्याचा बैल होई. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि संकरित खोंडाला वशिंड नसल्याने त्याच्या मानेवर जू नीट बसतही नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 साली ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायद्याच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. परंतु भाकड गाईपाठोपाठ नको असलेल्या खोंडाचाही चारापाण्याचा खर्च त्या दिवसापासून पूर्णपणे शेतकऱ्याच्या अंगावर आला, आणि ज्यांना तो झेपला नाही त्यांची जनावरे रस्त्यावर आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हशींना ही बंदी लागू नाही, आणि रेडकांच्या नशिबी पुष्कळदा अर्धपोटी राहणे येते. आता अशा रेतमात्रा मिळतात की ज्यांतून दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. त्यांना पैसे जास्त पडतात, गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर ते वाया जातात, तरी मला हा मार्ग बरा वाटतो, कारण ज्याला सांभाळणार नाही तो जीव मुळात जन्मालाच न घालणे अधिक दयेचे आहे.

माझी तक्रार एकच आहे. शहरात दूध स्वस्त हवे असते, आणि त्या स्वस्ताईचा भार कोणी तरी उचलतो याची आठवण झाली की बोट शेतकऱ्याकडे दाखवले जाते. आपण दूध सोडलेत तर मला राग येणार नाही. मुलासाठी घ्यावेच लागणार असेल, तर शक्य झाल्यास एखादा गोठा स्वतः जाऊन पाहा. वासराच्या बरगड्या मोजता येतात का, त्याच्यासाठी एक सड राखून ठेवतात का, जनावरे मुक्त गोठ्यात फिरतात की दिवसभर आखूड दाव्याला बांधलेली असतात, पाणी त्यांच्या तोंडासमोर असते की माणसाने आणून द्यावे लागते, एवढे पाहिले तरी मालक कसा आहे ते कळते. अशा गोठ्यातले दूध महाग पडेल, आणि ते पडायलाच हवे.

उत्तर 3 (वर्धा)

वर्ध्यात राहून गांधीजींचे उदाहरण न देणे कठीण आहे, आणि येथे ते खरोखर लागू पडते. त्यांनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. कलकत्त्याकडे गवळी गाई-म्हशींचा जो छळ करीत त्याची वर्णने वाचनात येणे, हे त्यामागचे एक कारण होते. पुढे 1918 साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या धावपळीत आमांशाने ते मरणाच्या दारापर्यंत गेले आणि दुधावाचून शरीर सावरणार नाही असे मुंबईच्या डॉ. दलाल यांनी सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी मार्ग काढला की नियम करताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, ते अखेरपर्यंत घेतले, आणि आपण शब्द पाळला पण त्यामागचा हेतू राखला नाही ही खंत त्यांनी लपवली नाही.

म्हणून माझे सांगणे असे की आजन्म व्रताची भाषा करू नये. आपण दूध घेत नाही, एवढे वर्तमानकाळात म्हणावे. आजारपणात किंवा बाळंतपणात फेरविचार करावा लागला, तर त्यासाठी पळवाट शोधण्याची वेळ येणार नाही.

उत्तर 4 (निवृत्त शिक्षिका, फोंडा)

वरच्या तिन्ही उत्तरांत सासूबाई मागे पडल्या, म्हणून लिहिते. मी स्वतः सासू आहे आणि माझ्या सुनेने दूध-तूप सोडलेले आहे. तिने मला न सांगता नुसते ताट पुढून मागे घेतले असते, तर मी फार दुखावले असते. तिने एका दुपारी शेजारी बसून कारण सांगितले आणि तुम्ही करता ते चूक आहे असे एकदाही म्हटले नाही. मला तिचे सगळे पटले असे नाही. वासराच्या वाट्याचे ठेवून घेतलेले दूध मला अजूनही पाप वाटत नाही. तरीही तिच्या पानात मी आता तूप वाढत नाही.

आपण सासूबाईंकडून तूप नाकाराल, तर त्यांच्याकडे दुसरे काही तरी मागा. नाकारणे आणि मागणे एकाच वेळी झाले की माणसाला आपण टाकले गेलो असे वाटत नाही. आमच्याकडे नारळ असल्यामुळे हे सोपे गेले: चणाडाळ, साबुदाणा आणि गूळ घालून नारळाच्या रसात शिजवलेले मणगणे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, जेवणाच्या शेवटी सोलकढी, यांत मुळातच दूध नाही आणि हे पदार्थ कोणा नव्या विचाराने आणलेले नाहीत. तुमच्या घाटावरही तिळगुळाची पोळी, दाण्याची आमटी, तेलाची फोडणी दिलेले गोडे वरण, उकडीचे मोदक (वरची तुपाची धार तेवढी सोडून) हे सगळे आहेच. त्यांतले जे सासूबाईंच्या हातचे उत्तम होते, ते त्यांनाच शिकवायला सांगा. नारळाचा रस रोज मात्र नको. त्यातही स्निग्धांश पुष्कळ असतो, हे आहारतज्ज्ञ बाई सांगतीलच.

पंचामृताविषयी: पूजा त्यांची आहे, देव त्यांचा आहे. त्या पातेल्यात आपण हात घालू नये. तीर्थ हातावर घेऊन मुलाला द्यायचे की स्वतः घ्यायचे, हे आपले आपण ठरवावे. त्यावर घरात सभा भरवू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीर्थाबद्दलचे वाचून हसू आले आणि सुटल्यासारखेही वाटले, कारण मी त्यावरच सर्वांत जास्त विचार करत बसले होते.

सध्या असे ठरवते आहे: बी-12चे उपचार पूर्ण होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत दही चालू ठेवीन, चहातले दूध आणि बाहेरचे पनीर-आइस्क्रीम लगेच बंद करीन. मुलाचे दूध चालू राहील. त्यासाठी मुळशीकडचा एक गोठा यजमानांच्या माहितीत आहे, तो आम्ही दोघे जाऊन पाहू. सासूबाईंशी बोलणे या रविवारी. त्यांच्या हातची कारळ्याची चटणी मला अजून जमलेली नाही, तेव्हा मागण्यासारखे काही आहे. एक शंका राहिली: बिस्किटे, ब्रेड, तयार पिठे यांत दूध आहे की नाही हे कसे ओळखावे?

उत्तर 1 (आहारतज्ज्ञ, नाशिक)

हिरवा ठिपका पाहून कळत नाही, कारण तो दुधाच्या पदार्थांवरही असतो. 2022 पासून आपल्याकडे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आहे, पण ते अजून फार थोड्या वेष्टनांवर दिसते. म्हणून घटकांची यादी वाचावी: दुधाची भुकटी, व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स, बटर यांपैकी काही असेल तर दूध आहे. यादीच्या शेवटी ॲलर्जीची सूचना ठळक अक्षरांत असते. दुकानात उभ्याउभ्या तेवढी पाहिली तरी बहुतेक वेळा काम भागते. चहा दुधाशिवाय घेणार असाल, तर जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराने घ्या, आणि उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका. त्याने लोह नीट शोषले जाते.